मुलुंडमध्ये धुकं कुठून आणायचं?

ताई, नमस्कार. मी मुलुंडला राहते आणि फोर्टमधल्या एका पतपेढीत नोकरी करते. शाळेत चित्रकला बरी होती, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती. पुढे सगळं सुटलं. गेल्या वर्षी आम्ही शाळेतल्या सहाजणींनी ठरवलं की दर रविवारी रात्री एकीने एक शब्द द्यायचा आणि शनिवारपर्यंत सगळ्यांनी त्यावर चित्र काढून ग्रुपवर टाकायचं. सुरुवातीला मजा आली. आता शब्द वाचला की पोटात गोळा येतो. गुरुवारी रात्री सगळं आवरून कागद घेऊन बसते आणि काही म्हणजे काही सुचत नाही. ‘राजा’, ‘पूल’, ‘उडणं’ असे तीन शब्द तसेच राहिले. परवा ‘धुकं’ आला. मुंबईत कुठलं आलंय धुकं? रडूच आलं. आमच्यातली एक टॅबवर इतकं सुंदर काढते की ते बघितल्यावर माझा हातच चालत नाही. नवरा विचारतो, याचं पुढे काय करणार आहेस? सहा वर्षांची मुलगी माझ्या वहीत रेघोट्या मारून ठेवते. पावसात रंग वाळत नाहीत ते वेगळंच. सोडून द्यावं का हे सगळं? की नोकरी सोडून नीट शिकावं?
कोरी वही, मुलुंड

प्रिय कोरी वही,

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही निवांत वाचाल. चित्र सोडू नका आणि नोकरीही सोडू नका.

आता धुकं. मुंबईत धुकं नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? पावसाळ्यात डासांसाठी पालिकेचा माणूस मशीन घेऊन तुमच्या गल्लीत येतच असेल. आधी लांबून फटफट आवाज येतो. मग धडाधड खिडक्या लागतात, दोरीवरचे कपडे आत ओढले जातात, कुणीतरी वरून ओरडतं, ‘अहो, दूध उघडं आहे!’ मोठी माणसं आत पळतात आणि गल्लीतली झाडून सगळी पोरं उलट्या दिशेला, थेट त्या पांढऱ्या धुरात शिरतात. धूर जमिनीलगत पसरत येतो, त्यामुळे आधी स्कूटरची चाकं गायब होतात, मग पोरांचे पाय. मिनिटभर नुसती डोकी तरंगत असतात, एका रांगेत, आनंदाने किंचाळत. एखाद्या पोराच्या डोक्यावर उलटी टोपी, एकीच्या दोन वेण्या. मागे पहिल्या मजल्यावर नाकाला पदर लावून एक आजी ग्रिलमधून कुणाचं तरी नाव घेऊन हाका मारतायत. हे धुकं नाही तर काय आहे? आणि हे धुकं महाबळेश्वरात मिळायचं नाही.

घरातलंच हवं असेल तर सर्दी झालेल्या माणसाचा वाफारा बघा. टेबलावर पातेलं, त्यावर वाकलेला माणूस, वरून पांघरलेला टॉवेल. टॉवेलचा डोंगर होतो आणि त्याच्या कडेकडेने धुकं बाहेर येतं. आत कोण आहे ते टॉवेलखालून दिसणाऱ्या पायातल्या सपातांवरून ओळखायचं. मला स्वतःला हे चित्र पालिकेच्या धुरापेक्षा जास्त आवडेल, कारण त्यात माणूस आहे आणि तो आत काहीतरी पुटपुटतोय.

तुमचं पत्र वाचताना माझं बोट इंटरमिजिएटच्या उल्लेखावर थांबलं. तुमच्या अडचणीचं मूळ मला तिथेच दिसतं, आणि त्यात तुम्ही एकट्या नाही. आपण सगळ्या स्मरणचित्राच्या पेपरमधून आलेली माणसं. विषय फळ्यावर येणार: ‘भाजी मंडई’, ‘बसस्टॉपवरील प्रसंग’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. मग त्यात माणसं हवीत, मागे इमारत हवी, जवळचं मोठं आणि लांबचं लहान हवं, आणि तपासणाऱ्याला लांबूनसुद्धा कळलं पाहिजे की हा बसस्टॉपच आहे. (चेहरे जमत नाहीत म्हणून आमच्या वर्गातली निम्मी माणसं प्रेक्षकाकडे पाठ करून बसची वाट बघायची. सगळी मुंबई पाठमोरी.) त्या परीक्षेने पुष्कळ शिकवलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एक सवय लावून ठेवली. विषय दिला की तो विषयच काढायचा. राजा म्हटलं की मुकुट, पूल म्हटलं की सी लिंक, उडणं म्हटलं की पक्षी.

पुस्तकासाठी, दिवाळी अंकासाठी चित्रं काढणाऱ्या माणसाचं काम याच्या नेमकं उलटं असतं. गोष्टीत लिहिलेलं असतं, ‘त्या दिवशी मुसळधार पाऊस पडत होता.’ वाचणाऱ्याने ते वाचलेलं असतं. मी शेजारी पुन्हा पाऊसच काढला तर पान फुकट गेलं. मी दारातले बूट काढते, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. किंवा पंख्याखाली खुर्चीवर पसरलेला शाळेचा गणवेश काढते, एका बाहीला अजून पाणी गळतंय. पाऊस शब्दात आहे, मग चित्राने पावसानंतरचं किंवा पावसाआधीचं काहीतरी सांगावं. शि. द. फडणीसांची बरीचशी हास्यचित्रं बिनशब्दांची आहेत. तिथे सगळा भार चित्रावर असतो, त्यामुळे एक रेघ इकडची तिकडे झाली तर चालत नाही. तुमचं तसं नाही. तुमच्या ग्रुपवर रविवारीच शब्द आलेला आहे, सहाच्या सहाजणींना तो माहीत आहे. तो सांगायची जबाबदारी तुमच्या चित्रावर नाहीच. तुम्ही केवढ्या मोकळ्या आहात याचा जरा विचार करा.

‘राजा’ घ्या. मुकुट, सिंहासन, मिशा हे तिघेजण तुमच्या डोक्यात सगळ्यांत आधी येणार, कारण ते सगळ्यांच्याच डोक्यात आधी येतात. त्यांना येऊ द्या, एका कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या चौकटी आखून तीन रफ काढा आणि मोकळ्या व्हा. एकदा कागदावर उतरले की ते पुन्हा त्रास देत नाहीत. चौथ्या चौकटीला डोकं कुरकुरायला लागतं आणि तिथे खरी मजा सुरू होते. आमच्या सोसायटीचे वॉचमन बसतात ती जागा मी त्या चौथ्या चौकटीत काढली असती. त्यांच्याकडे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. एकीचा मागचा पाय मोडलाय, दुसरीचा पुढचा. त्यांनी एकीत एक घालून अशा बसवल्यात की दोघींचे मिळून चार पाय धड होतात. वर जुनी उशी, तीही सुतळीने बांधलेली. हाताशी रजिस्टर, रजिस्टरला दोऱ्याने बांधलेलं पेन, कारण पेनं पळतात. मागे खिळ्याला टांगलेली काळी छत्री बरोबर डोक्यावर येते. पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला मोबाईल, त्यात भजनं चालू. सेक्रेटरीसाहेबसुद्धा गाडी आत घेताना आधी त्यांच्याकडे बघतात. ते जेवायला गेले की त्या गादीवर एक बोका येऊन बसतो, आणि त्याच्याही चेहऱ्यावर तोच भाव असतो. आता सांगा, यातला राजा कोण? मला विचाराल तर खुर्ची रिकामी काढा आणि बोक्याची नुसती शेपटी येऊ द्या.

‘पूल’ म्हणजे तुमच्या सहाजणींतल्या तिघींनी तरी वांद्रे-वरळी सी लिंक काढला असणार, एकीने हौसेने अटल सेतू. सी लिंकच्या त्या तारा काढायला सोप्या आणि दिसायला छान, मी समजू शकते. पण तुमच्या माझ्या रोजच्या आयुष्यातला पूल कोणता? रस्ता खणून ठेवलाय आणि किराणाच्या दुकानात जायला खड्ड्यावर प्लायवूडची एक फळी टाकलीय, तो. फळी मधोमध वाकते. एका टोकाला हातात कोळंबीची पिशवी घेऊन उभे असलेले आजोबा, दुसऱ्या टोकाला शाळेची पाठपिशवी लावलेली मुलगी, आणि ‘आधी तुम्ही’, ‘नाही, आधी तू’ असा खल चाललाय. मागे दुकानदार गिऱ्हाईक हातचं जाईल का या काळजीत. आजूबाजूला जेवढी म्हणून लगबग असेल ती सगळी गाळून टाका. दोन माणसं, एक फळी, खाली काळोख. सी लिंकवर कुणी कुणासाठी थांबत नाही.

‘उडणं’साठी विद्याविहारला उभ्या राहा. तिथे फास्ट गाड्या थांबत नाहीत, धडधडत निघून जातात. गाडी गेली की तिच्या वाऱ्याने वेफर्सचं रिकामं पाकीट वर उठतं, माणसांच्या गुडघ्यांएवढं, कधी छातीएवढं, हवेत दोन गिरक्या घेतं आणि कुणाच्या तरी पायाशी येऊन बसतं. दर फास्ट गाडीला तेच पाकीट. मला तर वाटतं त्याला कुर्ल्याला जायचंय आणि फास्ट त्याच्यासाठी थांबत नाही.

माझा बोलण्याचा रोख लक्षात आला असेल. हे सगळं मला माझ्या टेबलाशी बसून सुचलेलं नाही आणि तुम्हालाही गुरुवारी रात्री ओट्याशी सुचणार नाही. रात्री अकरा वाजता, दिवसभराचं काम उरकून, कोऱ्या कागदासमोर बसलेल्या माणसाला मुकुटच सुचतो. शब्द रविवारी मिळतो तर तो सोमवारपासून बरोबर फिरवा. त्याच्याबद्दल विचार करत बसायचं नाही, नुसता बरोबर असू द्यायचा. स्टेशनकडे जाताना, बँकेच्या रांगेत, भाजी घेताना काही ना काही त्या शब्दाला येऊन चिकटतं. ते लगेच लिहून ठेवा, शब्दांतच लिहा, चित्राची घाई नको. ‘फळी, आजोबा, कोळंबी’ एवढं पुरे. शनिवारी त्या तीन शब्दांवरून वीस मिनिटांत चित्र होतं.

प्रवासाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. ‘रोज ट्रेनमध्ये स्केच करा’ असं सांगणारे बरेच असतात. सकाळी मुलुंडला लेडीज डब्यात चढल्यावर वही काढा असं म्हणणाऱ्याने त्या डब्यात कधी पाऊल ठेवलेलं नसतं. सकाळी एक हात कडीला, दुसरा पर्सवर, कोपर दुसऱ्या कुणाच्या तरी बरगडीत. तेव्हा नुसतं बघा. पण संध्याकाळी तुम्ही सीएसएमटीला चढता, गाडी तिथूनच सुटते. एखादी गाडी सोडायची तयारी असेल तर खिडकी नाही तरी बसायला जागा मिळते. मांडीवर पोस्टकार्डाएवढी वही मावते, मोठी काढू नका, शेजारणीच्या नाकाला लागते आणि उगाच लोकांचं लक्ष जातं.

आणि बघायला काय कमी आहे? समोर मेथी निवडणारी बाई असतेच. मला तिच्याकडे बघण्याचा कधी कंटाळा येत नाही. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर जुडी, डाव्या गुडघ्याशी एक पिशवी आणि उजव्या गुडघ्याशी दुसरी. डाव्या हाताने देठ धरायचा, उजव्या अंगठ्याच्या नखाने पाला खुडायचा, पाला इकडे, देठ तिकडे. खाली बघत नाही, शेजारणीशी नणंदेच्या सुनेबद्दल बोलत असते. मध्येच एखादं पिवळं पान येतं तेव्हा बोटं अर्धा क्षण थांबतात, ते पान बाजूला काढतात आणि पुन्हा चालू होतात. बोटांनाच दिसतं सगळं. भायखळ्याला सुरू केलेली जुडी घाटकोपरच्या आत संपते, मग ती कागदाची घडी घालते, उरलेली माती आतल्या आत बंद करते आणि लसूण काढते. ‘जादू’ हा शब्द तुमच्या ग्रुपवर आला नसेल तर येईलच. तेव्हा बाकीच्यांना टोपीतून ससा काढू दे.

असं जिवंत माणूस काढताना एक गोष्ट सांभाळा: जे आधी जाणार ते आधी काढा. माणूस उतरून जाईल, वरची ट्यूबलाइट कुठे जात नाही. त्यामुळे आधी मान आणि खांद्यांचा कोन, मग हात, आणि मागचं सगळं नंतर घरी. मोबाईलने आपल्यावर एक उपकार केलाय. सगळा डबा मान खाली घालून पाच-पाच मिनिटं हलत नाही, इतकी मॉडेलं आर्ट स्कूललाही मिळत नाहीत. कुणाच्या लक्षात आलं तर वही लपवू नका, हसून दाखवा. दहातल्या नऊजणी ‘मला जाडी काढलीस गं!’ एवढंच म्हणतात आणि डब्यातल्या बाकीच्यांना बोलावून दाखवतात. दहावीला आवडलं नाही तर पान तिच्यासमोर फाडून तिच्या हातात द्या आणि विषय संपवा. चेहरे काढायचा संकोच वाटत असेल तर नुसते पाय काढा. लेडीज डब्यातल्या चपला या विषयावर एक वही सहज भरेल.

थकलेल्या तीन शब्दांचं काय? पतपेढीत इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला मी काय सांगू! वसूल न होणाऱ्या कर्जाचं करता तेच करा, निर्लेखित करून टाका. मी वर त्या तिघांबद्दल बोलले ते नुसतं नमुन्यादाखल, भरपाईसाठी नव्हे. मागचे शब्द ‘एकदा बसून’ पूर्ण करू म्हणणारी माणसं पुढच्या शब्दाला कधीच पोचत नाहीत. आठवडा चुकला की चुकला. ऑक्टोबरमध्ये जगभर इंकटोबर चालतो ते तुम्हाला माहीत असेल. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 2009 मध्ये स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून तो सुरू केला, 31 दिवस रोज एक चित्र. त्यानेही सांगून ठेवलंय की रोज जमत नसेल तर एक दिवसाआड काढा, नाही तर आठवड्यातून एकदा काढा, फक्त ठरवलेलं पाळा. मग तुम्हा मैत्रिणींच्या ग्रुपवर कसली आलीय हजेरी?

टॅबवाल्या मैत्रिणीबद्दल फार बोलत नाही, कारण उपाय अगदी साधा आहे. तुमचं चित्र टाकेपर्यंत ग्रुपवरची बाकीची चित्रं उघडायची नाहीत. हा मत्सराचा प्रश्नच नाही. कुणाचंही पूर्ण झालेलं चित्र आधी बघितलं की ते डोक्यात जागा अडवून बसतं, मग तुमचं धुकं तिच्या धुक्यासारखं व्हायला लागतं. माझ्या कामातही मी हेच करते, एखाद्या गोष्टीची जुनी आवृत्ती कुणी पाठवली तर आधी माझे रफ होईपर्यंत ती बघत नाही. तुमचं टाकून झालं की मग तिचं नीट बघा, मोठं करून बघा, आणि आवडलं तर नेमकं काय आवडलं ते तिला लिहा. ‘मस्त गं’ लिहून सोडू नका, त्याचा कुणालाच उपयोग नसतो.

आता तुमचे यजमान आणि त्यांचं ‘पुढे काय’. (माझा आवाज इथे थोडा चढतो, सांभाळून घ्या.) दर रविवारी आझाद मैदानावर शेकडो माणसं पांढरे कपडे घालून क्रिकेट खेळतात. त्यातल्या चाळिशीच्या माणसाला कुणी विचारतं का, पुढे काय, भारताकडून खेळणार का? त्याला घरी आल्यावर चहा मिळतो. बाईने वही उघडली की मात्र लगेच पुढचं विचारायचं. त्यांना चिडून उत्तर देऊ नका, बहुतेक त्यांनी सहजच विचारलं असेल. एखाद्या शनिवारी त्यांनाच शब्द विचारा. बऱ्याचदा ‘पुढे काय’ विचारणाऱ्या माणसाला फक्त खेळात घेतलेलं नसतं.

आणि तुम्हालाही तो प्रश्न आतून पडत असेल, कारण नोकरीचं तुम्ही विचारलंत, त्यांनी नाही. वसंत सरवटे पेशाने सिव्हिल इंजिनिअर होते, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करत होते. ती नोकरी सांभाळून त्यांनी मराठीतल्या किती लेखकांच्या पुस्तकांना चित्रं दिली, किती मुखपृष्ठं केली. ठणठणपाळ या टोपणनावाने जयवंत दळवी लिहायचे, त्या ठणठणपाळचा तो ओळखीचा चेहरा सरवट्यांच्याच रेघेचा. हे उदाहरण मी ‘तुम्हीही सरवटे व्हाल’ म्हणून देत नाही, सरवटे एकच. सांगायचं एवढंच की पगाराची नोकरी आणि चांगलं चित्र यांचं एकमेकांशी वैर नाही. उलट पूर्णवेळ चित्रकाराला विचारा, त्याला शब्द कोण देतं? आर्ट एडिटर देतो, जाहिरातवाला देतो, आणि तो ‘धुकं’ देत नाही, तो ‘आनंदी कुटुंब, सोफा निळा, आजी हसरी, उद्या सकाळपर्यंत’ असं देतो. मला हे काम आवडतं, मी त्यावर घर चालवते, पण आठवड्याला एक बिनकामाचा शब्द मिळावा म्हणून मी काय वाटेल ते देईन.

शिकायचंच असेल तर नोकरी न सोडताही शिकता येतं. अर्बन स्केचर्सची मंडळी जगभर जागेवर बसून आपापलं शहर काढतात, मुंबईतही त्यांचा गट आहे. त्यांच्यात चारदा गेलात की दृष्टी आणि हात दोन्ही सुटतात. एकटीला जायचं असेल तर राणीच्या बागेत जा. पेंग्विनसमोर गर्दी फार, तिकडे वेळ घालवू नका. हरणांपाशी किंवा पाणघोड्यापाशी बसा. पाणघोडा इतका कमी हलतो की नवशिक्यालाही धीर येतो. चित्रांबरोबर लिहावंसं वाटलं तर तेही लिहा. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा विशीत असताना अशी चित्रांची रोजनिशी ठेवायचे. कोण घरी आलं, कोण भांडलं, चर्चमध्ये कुणाला डुलकी लागली. 1949, 1950 आणि 1951 च्या त्यांच्या रोजनिश्या पुढे कित्येक वर्षांनी पुस्तकरूपात आल्या. काढताना ते समोरच्याची गंमत बघत होते, आणि पानापानावर ते कळतं.

मुलीचं. सहा वर्षांच्या मुलीला स्वतःची वही द्या, पण तुमच्याच वहीसारखी आणि तेवढ्याच किमतीची. मुलांना स्वस्तातली वही बरोबर ओळखता येते आणि मग ती पुन्हा आईच्याच वहीत रेघोट्या मारतात. रविवारी शब्द आला की तिलाही सांगा. तिने काय काढलंय ते कळलं नाही तर ‘हे काय आहे?’ असं विचारायचं नाही, ‘इथे काय चाललंय?’ असं विचारायचं. आणि तिच्या चित्रात स्वतः काही सुधारायला जायचं नाही, हात कितीही शिवशिवला तरी. जी रेघोटी आधीच तुमच्या पानावर पडली आहे ती मात्र पुसू नका. त्या रेघोटीचं काही होतंय का बघा, एखाद्या आठवड्याला तेवढंच पुरतं.

राहता राहिला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतला कागद आधीच हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो, त्यामुळे पातळ कागदावर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, दिला की तो फुगतो आणि रंग तासन् तास ओला राहतो. जलरंग करायचेच असतील तर 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या, महाग पडतो पण पोस्टकार्डाएवढे तुकडे केले तर एका शीटमध्ये कित्येक आठवडे निघतात. उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा आणि बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका. पुड्या मुलीच्या हाती लागणार नाहीत असं बघा. पोस्टर कलरच्या बाटल्या ब्रश बुडवून वापरू नका, लागेल तेवढा रंग प्लेटमध्ये काढा, नाही तर महिन्याभरात झाकणाखाली बुरशी धरते आणि वास येतो. रेघ आधी आणि रंग नंतर असं करत असाल तर पेन वॉटरप्रूफ शाईचं हवं. साध्या फाउंटन पेनची आणि बऱ्याच जेल पेनांची शाई पाण्याने फुटते. विकत घेण्याआधी दुकानातच कागदावर एक रेघ मारा, मिनिटभर थांबा आणि ओलं बोट फिरवून बघा. दुकानदार काही म्हणत नाहीत, त्यांना सवय असते.

धुक्याला मात्र फुटणारी शाई चालेल. रेघ मारा आणि ओला ब्रश फिरवा, करडा रंग आपोआप पसरतो, वेगळा वॉश द्यायला नको. पोरांची डोकी वॉटरप्रूफ पेनाने काढा, पाय फुटणाऱ्या शाईने.